दोष क्रमांक वीस

चित्रपटात मला आणि बकारामला मिळून एकच माणूस केलं आहे, हे कळलं तेव्हा मी जेवत होतो. मी जेवण पूर्ण केलं. सत्तावीस वर्षांच्या मास्तरकीनं तेवढा संयम दिला आहे.

आमच्या बँडमध्ये माणसं तीन. खुशाल गायचा आणि गिटार वाजवायचा, बकाराम ड्रम बडवायचा, आणि मी, केशोराव, बेस गिटार. बेस गिटार म्हणजे वाजत असताना जी कोणाला ऐकू येत नाही आणि थांबली की 'काहीतरी चुकून राहिलं' असं लोकांना वाटतं, ती. बँडचं नाव 'राइस सिटी रॉकर्स', कारण गोंदिया म्हणजे तांदळाचं शहर. गोंदिया जिल्ह्यातला पहिला रॉक बँड. खरं तर तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता, सगळं भंडाऱ्यात होतं, म्हणजे आम्ही जिल्ह्याच्याही आधीचे. हे वाक्य मी दिग्दर्शकाला तीनदा सांगितलं. चित्रपटात ते एकदाही आलं नाही. हा दोष क्रमांक तीन.

दिग्दर्शक रोशन म्हणजे बकारामचा पुतण्या. नागपूरहून सिनेमाचा कोर्स करून आला आणि खुशालच्या आयुष्यावर चित्रपट काढायला बसला. खुशाल चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला. गेलेल्या माणसावर चित्रपट काढणं सोपं जातं, तो पाहायला येत नाही. "काका, बँडसाठी बजेट दोनच ॲक्टरचं आहे," रोशन म्हणाला, "खुशालकाका एक, तुम्ही दोघं मिळून एक." त्या एकाचं नाव केशोराम. माझं अर्धं आणि बकारामचं अर्धं. चेहरा बकारामचा घेतला, टक्कल माझं.

आमच्याकडं गुलाबचंदजींचं एक साप्ताहिक निघतं. त्यांनी मला शाळेच्या फाटकातच गाठलं. "मास्टरजी, पिक्चर का परीक्षण आपही लिखो. गुण और दोष, दोनो. आप खुद बँड में थे, एकदम निष्पक्ष लिखोगे." निष्पक्षपणाची ही व्याख्या मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण हो म्हणालो. एवढी वर्षं पोरांचे पेपर तपासले, एक चित्रपट तपासायला काय लागतं, असं वाटलं. एक लहानसा लेख. त्या लेखानं मला कुठं नेऊन उभं केलं ते सांगतो.

त्याआधी माझी मुलाखत झाली होती, ती सांगायला हवी. रोशननं कॅमेरा ओसरीत लावला. माझी बायको पुष्पाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. रोशननं विचारलं, "काका, बँड तुटला काऊन?" मी घसा साफ केला आणि अठ्ठावीस वर्षं जे सांगत आलो तेच सांगितलं. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात, तेरा जुलैच्या रविवारी, नागपूरला रॉक बँडची मोठी स्पर्धा होती. बकाराम ड्रम घेऊन कोहमाऱ्याच्या चौकात जीपपाशी थांबला होता. मी मोटारसायकलवर आतल्या बोदराटोल्याला जाऊन खुशालला आणायचं, असं ठरलं होतं. मी गेलो, पण त्याच्या बायकोनं, गीताबाईनं वाट अडवली. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू आहे, नवरा भेटणार नाही, म्हणाली. स्पर्धा हुकली. बकारामनं पुन्हा खुशालचं तोंड पाहिलं नाही, आणि बँड संपला.

यातली स्पर्धा, जीप आणि कोहमारा खरं आहे. गीताबाईचं खोटं आहे. मी बोदराटोल्याला गेलोच नाही. त्या रविवारी सकाळीच निरोप आला, की माझे होणारे सासरे मला पाहायला येत आहेत. रोवणीच्या दिवसात सोयरिकीसाठी कोणी फिरत नाही, पण सासरे मास्तर, त्यांना शेती नव्हती आणि रविवारची सुटी होती. मला नोकरी नव्हती आणि त्यांच्या संस्थेत जागा होती. बाबांनी न्हावी बोलावून माझे खांद्यापर्यंतचे केस उतरवले आणि गिटार धानाच्या ढोलीत पुरली. मी पाहुण्यांसमोर बसून पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी बकारामला सांगितलं, वहिनीनं सोडलं नाही. खुशालला सांगितलं, स्पर्धाच रद्द झाली. दोन खोट्यांची कुठं गाठ पडू नये एवढीच धास्ती होती, पण ते दोघं पुन्हा बोललेच नाहीत. खुशालच्या मातीलाही बकाराम आला नाही. मी मात्र गेलो होतो, आणि खांदा दिला होता.

कॅमेऱ्यासमोर खरं सांगता आलं असतं. पण तो लाल दिवा लागला की माणूस पाठ असलेलंच बोलतो.

पुढं भानगड निघाली ना हरकत प्रमाणपत्राची. रोशन म्हणाला, चित्रपटात ज्यांचं पात्र आहे त्या जिवंत माणसांची सही स्टॅम्प पेपरवर लागते. मी तहसील कचेरीत गेलो. स्टॅम्पवाला म्हणाला, "कायले ना हरकत? बोअर, रस्ता का विजेचा खांब?" मी म्हणालो, जीवनचरित्राला. त्यानं छापील नमुना काढला, त्यात 'मौजा' आणि 'गट क्रमांक' होते. खुशालच्या आयुष्याचा गट क्रमांक काय लिहावा यावर आम्ही बराच वेळ विचार केला. शेवटी 'निरंक' लिहिलं. अर्जाच्या खाली एक ओळ आधीच छापलेली होती, की सदर जागेवर माझा कोणताही हक्क राहणार नाही. ती खोडायला स्टॅम्पवाला तयार नव्हता. खोडलं तर नवा पेपर लागतो, म्हणाला.

तो कागद घेऊन मीच बोदराटोल्याला गेलो. गीताबाई अंगणात धान वाळत घालत होती. "याच्यात का लिवलं आहे भाऊजी?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही वहिनी, खुशालबद्दल चांगलंच आहे." तिनं हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. वाचलं नाही. केशोभाऊजींनी आणलेला कागद वाचायचा कशाला, असं तिला वाटलं असणार. निघताना तिनं चहा दिला. तो मी प्यालो, हे मला अजूनही नीट सहन होत नाही.

चित्रपट दाखवला बोदराटोल्याच्या मंडईच्या दिवशी, भर दुपारी. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, लोकनाट्याची दंडार, आणि घराघरात जावई-पाहुणे. सामाजिक सभागृहाच्या खिडक्यांना बारदाना लावून अंधार केला होता. बारदान्यातून कोंडा गळत होता, त्यामुळं पहिली पंधरा मिनिटं लोक शिंकत होते. त्याआधी शाल-श्रीफळ देऊन गीताबाईचा सत्कार झाला. तिला पहिल्या रांगेत बसवलं, आणि माझी खुर्ची तिच्या शेजारी. बकारामला आमंत्रण होतं. तो आला नाही. कोहमाऱ्यात त्याचं पंपांचं दुकान आहे, मंडईच्या दिवशीही उघडं असतं.

मी वही-पेन काढून दोष टिपू लागलो. सत्त्याण्णव सालातल्या गावावर मोबाईलचा टॉवर उभा आहे. रोवणीचा प्रवेश डिसेंबरात काढल्यामुळं नायिका चिखलात आणि मागच्या बांधीत कापलेल्या धानाचे खुंट. खुशालचा नट गिटार उलटी धरतो. केशोराम एका प्रवेशात ड्रम वाजवतो आणि आवाज बेस गिटारचा येतो, तोही स्वच्छ. माझी बेस आयुष्यात एवढी स्वच्छ कधी वाजली नाही, त्यामुळं हा दोष धरावा की गुण हे मला ठरवता येईना. मी तिथं प्रश्नचिन्ह केलं. तेवढ्यात तो प्रवेश आला.

आता आमच्या झाडीपट्टीत नाटक पाहायची एक रीत आहे. गाणं किंवा प्रवेश आवडला की लोक 'वन्स मोअर' म्हणतात आणि नट तो पुन्हा करतात. रंगात आलेल्या लोकांसाठी मेलेला नटही उठतो आणि पुन्हा मरतो. सिनेमाला ही रीत लावायची नसते हे बोदराटोल्यात कोणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर गीताबाई झालेली नटी शेताच्या धुऱ्यावर उभी राहिली, कमरेला पदर खोचून म्हणाली, "रोवणी पायजे का रॉक?" आणि नवऱ्याची गिटार घेऊन चिखलात फेकली. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. वन्स मोअर. लॅपटॉपवर बसलेल्या गुड्डूनं मान डोलवली आणि प्रवेश मागं नेला. पुन्हा गिटार चिखलात. पुन्हा वन्स मोअर. चार वेळा. चौथ्या वेळी सगळे तिच्यासोबतच बोलले, रोवणी पायजे का रॉक. मागून एक पाहुणी म्हणाली, "असल्या बायकाईपाईच मानसं वाया जातेत माय."

गीताबाई मांडीवरच्या शालीची घडी घालत होती. घातलेली घडी उलगडून पुन्हा घालत होती. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "भाऊजी, हे मी कई म्हनली?"

मी म्हणालो, "वहिनी, सिनेमा आहे."

"हव," ती म्हणाली.

मला त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घ्यावं असं वाटलं. जमीन सिमेंटची होती.

शेवटी, नावं वर सरकताना, खुशालचा खरा आवाज होता. बाकी चित्रपटभर दुसऱ्याच गायकानं गायलं होतं, पण गीताबाईकडं एक कॅसेट निघाली, तिच्यातली चाळीस सेकंदं रोशननं जोडली होती, आणि तिच्या मोबाईलवरही टाकून दिली होती. पावसात पत्र्याखाली केलेलं रेकॉर्डिंग. खरखर, मागं बकारामचे ड्रम, आणि त्यावर तो आवाज. मीही त्यात आहे. ऐकू येत नाही. पण लोक तोवर उठले होते, खुर्च्या सरकत होत्या, पोरांना पाळण्यात बसायचं होतं. गीताबाईनं गुड्डूकडं पाहून हात थोडा वर केला. तेवढ्यात कोणीतरी बारदाना ओढला आणि ऊन आत आलं. तिनं हात खाली घेतला.

घरी येऊन मी लेख लिहायला घेतला. गुण: एक. ती चाळीस सेकंदं. दोष: एकोणीस. शेजारचे चंद्रकुमार राइस मिलमध्ये मुनीम आहेत, ते कुंपणावरून वाकून म्हणाले, "सर, दोष वरवरचे नका देऊ. पोत्यात परखी खुपसल्यावर मधातला माल निघाला पायजे. वरचे दाने तं सारेच चांगले ठेवतेत." हे ते तांदळाबद्दल बोलत होते. चंद्रकुमार तांदळाशिवाय कशाबद्दल बोलत नाहीत. पण मी चिडलो आणि म्हणालो, तुम्ही तुमची परखी सांभाळा. चांगल्या शेजाऱ्याचं मन दुखावलं, तेही उगाच.

पुष्पाबाईनं लेख वाचला. ती वाचते तेव्हा तोंडावर काही दिसत नाही, हेडमास्तरीणच व्हायला हवी होती. "वीसवा कुठं आहे?" तिनं विचारलं.

"कोणता वीसवा?"

"गीताबाईवाला. मी दाराआड होती ना. तुमी रोशनले सांगतलं, रविवारी बोदराटोल्याले गेलो. त्या रविवारी माहे बाबा तुमच्याकडं पोहे खाऊन राहिले होते."

सत्तावीस वर्षं संसार केला आणि मला वाटत होतं हिला तारीख आठवत नाही. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. म्हणालो, तुझ्यासाठीच केलं गं, तुझ्या बाबांना बँडवाला जावई चालला नसता.

तिनं कागद माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "बाबाले नाई चालला असता. मले चालला असता. मैत्रिणीनं सांगतलं होतं, पोरगा गिटार वाजवते, केस लांब आहेत, म्हनून तं मी हो म्हनली. मांडवात पाहतो तं डोक्याची पाटी कोरी. बायाईले वाटलं नवरी माहेरासाठी रडून राहिली."

मी कागद ओढला आणि दोष क्रमांक वीस लिहिला. 'चित्रपटात बँड मोडल्याचा ठपका श्रीमती गीताबाई यांच्यावर ठेवला आहे. तो खोटा असून ते खोटं प्रस्तुत परीक्षकाचं आहे.' पुढं सगळी हकिकत, पोह्यांसकट. लिहून झाल्यावर छाती हलकी वाटली. आता छापून येईल, सगळे वाचतील, आणि मला कोणाच्या तोंडापुढं उभं राहावं लागणार नाही, असा हिशेब त्यात होता. एवढा शूर मी तेव्हाही नव्हतो आणि आताही नाही.

शनिवारी अंक आला. एकोणीस दोष छापले होते. विसाव्याच्या जागी मंडईनिमित्त एका सरपंचांच्या हार्दिक शुभेच्छा होत्या, फोटोसह. मी गुलाबचंदजींकडं धावलो. ते म्हणाले, "मास्टरजी, जगह नहीं थी. और बीस दोष कौन पढ़ता है? उन्नीस में ही पिक्चर का काम हो गया." रोशनला फोन केला, म्हणालो, तो प्रवेश काढ. तो म्हणाला, "काका, तोच तं हिट आहे. आनि बदल केला तं सगळ्यांची ना हरकत नव्यानं लागन." गट क्रमांकासकट, मी मनात म्हणालो.

मग रविवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि बोदराटोल्याला गेलो. तिथं वाटेत कोणी अडवत नाही. तेव्हाही अडवलं नसतं. गीताबाई तिथंच अंगणात होती. मी बसलो नाही, उभ्या उभ्याच सांगितलं, शाळेत पोरं चूक कबूल करतात तसं, नजर अंगठ्यावर ठेवून.

तिनं ऐकून घेतलं. सुपातले दाणे पाखडत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी ते सकारपासून गिटार घेऊन दाराशी बसले होते. मी भाकर बांधून देली होती, तुमच्या दोघाईची पन. दुपार होवून गेली. चार वाजता उठले, लुंगी गुंडारली आन बांधीत उतरले माह्यासंगं रोवाले. म्हनले, केशोची गाडी बिघडली असन."

"मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, स्पर्धा रद्द झाली."

"त्याईले माहीत होतं. आठ दिवसांनी कोनाकडं तरी पेपरात निकाल पाहला त्याईनं. म्हनले, असू दे, केशोले नौकरी नाई, लगन होऊन राहिलं त्याचं." तिनं सुपातला एक खडा वेचून फेकला. "पन बकारामभाऊजी काऊन बोलत नाई, हे त्याईले शेवटपर्यंत नाई समजलं. एकडाव कोहमाऱ्याले जाऊन आले होते. भाऊजीनं दुकानातून पाहलं आन तोंड फिरवलं. घरी येऊन जेवले नाई."

मी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा."

"मले सांगून का फायदा भाऊजी? मी नाई म्हनली, हे मले तं माहीतच होतं," ती म्हणाली. "ज्याले माहीत नाई त्याले सांगा."

मी म्हणालो, जातो, आत्ताच जातो. आणि उभाच राहिलो. तिनं माझ्याकडं पाहिलं, सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला, मोबाईल पिशवीत टाकला आणि स्कूटरवर मागं येऊन बसली. "तुमी एकटे नाई जानार," म्हणाली. हे मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

बोदराटोल्यापासून कोहमारा पंचवीस मिनिटांवर आहे. मला अठ्ठावीस वर्षं लागली. चौक आता ओळखू येत नाही, रस्ता रुंद झाला, ढाबे मागं सरकले. बकारामचं दुकान कोपऱ्यावरच आहे. तो एक मोटर उघडून बसला होता, हात काळे, चष्मा नाकावर. आधी त्यानं गीताबाईला पाहिलं आणि उठून उभा राहिला. मग मला पाहिलं.

मी सांगितलं. त्याच्यासमोर लांबण लावता आली नाही, चार वाक्यांत संपलं. बकाराम ड्रम वाजवायचा तेव्हाही मधे बोलायचा नाही. त्यानं पाना हळूच खाली ठेवला. कपड्यानं खुर्ची पुसली, दोनदा पुसली. "बसा वहिनी," म्हणाला.

मी दुसऱ्या खुर्चीकडं वळलो.

"तू नाई," बकाराम म्हणाला. "तो समोर विजेचा खांब दिसते का? जीप तिथं उभी होती. मी तीन घंटे थांबलो होतो. जा, थांब तिथं."

मी पंचावन्न वर्षांचा मास्तर आहे. या चौकातून जाणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला मी कधीतरी अंगठे धरून उभं केलेलं असेल. मी गेलो आणि खांबापाशी थांबलो. ऊन चढत होतं. दुकानाच्या अंधारात गीताबाई काहीतरी सांगत होती आणि बकाराम दोन्ही काळे हात मांडीवर उलटे ठेवून ऐकत होता. मग तिनं पिशवीतून मोबाईल काढला. ट्रकांच्या आवाजातून पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला, मग ड्रम, मग खुशाल. चाळीस सेकंदं. थांबला. बकाराम काहीतरी म्हणाला, आणि खुशाल पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागला. किती वेळा, ते मी मोजलं नाही.

मोटारसायकलवरून एक जुना विद्यार्थी जात होता, त्यानं ब्रेक मारला. "सर, कुठं जाऊन राहिले एवढ्या उन्हाचे?"

"नागपूरला," मी म्हणालो.

"गाडी तं गेली ना सर आत्ताच."

"माहीत आहे," मी म्हणालो.